सीमाभाग (तळटीप १७)

१७. सीमाभाग : लेखकाच्या मनात येथे मुख्यतः बेळगाव शहर आहे, खानापूर, निपाणी, कारवार ओघाने येतात. चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून म्हैसूरमध्ये (आजचे कर्नाटक) गेला. तिथले अनेक मराठी भाषक ही तारीख ‘काळा दिवस’ म्हणून पाळतात. पुढच्या परिच्छेदातले ‘महाजन’ म्हणजे माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ मध्ये सीमाप्रश्नावर महाजनांचा आयोग नेमला गेला. १९६७ च्या अहवालात त्यांनी निपाणी, खानापूर महाराष्ट्राला देऊ केले, बेळगाव मात्र म्हैसूरकडेच ठेवले. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला; खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या ही महाराष्ट्राची कसोटी होती. लेखकाने दिलेला लास आनोदचा दाखला अर्धाच लागू पडतो. त्या सोमाली शहरावर सोमालीलँड जुन्या ब्रिटिश हद्दीच्या आधारे, तर पुंटलँड कुळाच्या नात्याने हक्क सांगत आले, आणि २०२३ मध्ये धुलबहांते कुळाच्या लढवय्यांनी सोमालीलँडच्या फौजेला तिथून हटवले. बेळगावचा वाद भाषेचा आहे, कुळांचा नव्हे. या वादावर महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.