कंट्रोलरची मागची जादा बटणं संगणकावर खरंच चालतात का?

कांदिवलीच्या चारकोपमधला एखादा कॉलेजचा मुलगा पैसे साठवून संगणकासाठी नवा कंट्रोलर मागवतो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘मागे ४ जादा बटणं, सगळी प्रोग्रामेबल’. केबल जोडल्यावर कंट्रोलर लगेच चालू होतो आणि गेमही त्याला ओळखतो. पण गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन मागचं बटण दाबलं की एकतर काहीच होत नाही, नाहीतर स्क्रीनवर ‘ए’ बटण दाबल्याचं दिसतं. मुलाला वाटतं, कंपनीने फसवलं. दुकानदार म्हणतो, माल चांगला आहे. बहुतेक वेळा दोघांचंही म्हणणं अर्धं खरं असतं.

मायक्रोसॉफ्ट किंवा सोनीऐवजी इतर कंपन्यांनी बनवलेल्या कंट्रोलरला ‘थर्ड पार्टी’ कंट्रोलर म्हणतात. त्यावरची जादा बटणं नेमकी कशी काम करतात, ती विंडोजला का दिसत नाहीत आणि विकत घेण्याआधी काय तपासावं, ते इथे समजून घेऊ.

जादा बटणं कशासाठी असतात?

कंट्रोलरवरची मुख्य अडचण उजव्या अंगठ्याची आहे. ‘ए, बी, एक्स, वाय’ ही चार बटणं आणि कॅमेरा फिरवणारी उजवी स्टिक या दोन्हींची जबाबदारी त्या एकाच अंगठ्यावर येते. उडी मारायला अंगठा बटणावर नेला की तेवढ्या क्षणापुरता कॅमेरा सुटतो. ‘एल्डन रिंग’सारख्या गेममध्ये धावण्यासाठी ‘बी’ दाबून धरावं लागतं आणि त्याच वेळी शत्रूकडे नजर ठेवायला स्टिक फिरवावी लागते. अनेक जण मग तर्जनी वाकडी करून वरून बटण दाबतात. या पकडीला ‘क्लॉ ग्रिप’ म्हणतात. तासभर तसं खेळलं की बोटं दुखू लागतात.

मागची बटणं मधल्या बोटांखाली किंवा अनामिकेखाली येतात. एरवी ही बोटं फक्त कंट्रोलर धरून ठेवायचं काम करतात. धावणं, उडी किंवा गोळ्या भरणं मागच्या बटणावर दिलं की अंगठा स्टिकवरून हलवावा लागत नाही. दुसरा फायदा टिकाऊपणाचा. बऱ्याच शूटिंग गेममध्ये धावण्यासाठी डावी स्टिकच आत दाबावी लागते. तो दाब मागच्या बटणावर गेला की स्टिकची झीज कमी होते. ज्यांच्या हाताची किंवा बोटांची हालचाल मर्यादित आहे, त्यांच्यासाठी तर ही बटणं चैनीची नसून गरजेची ठरू शकतात.

विंडोजला ही बटणं का दिसत नाहीत?

याचं मूळ २००५ साली आलेल्या एक्सबॉक्स ३६० मध्ये आहे. त्या कंट्रोलरसाठी मायक्रोसॉफ्टने ‘एक्सइनपुट’ नावाची पद्धत आणली. गेम आणि कंट्रोलर यांनी एकमेकांशी कसं बोलायचं, याची ती ठरलेली भाषा आहे. तिच्यात १४ बटणांची जागा आहे: दिशेची ४, ‘ए, बी, एक्स, वाय’ ही ४, खांद्यावरची २, स्टार्ट आणि बॅक ही २ आणि दोन्ही स्टिक आत दाबण्याची २. याशिवाय दोन ट्रिगर आणि दोन स्टिक. पंधराव्या बटणासाठी या भाषेत शब्दच नाही.

संगणकावरचे बहुतेक गेम आजही हीच भाषा गृहीत धरतात, म्हणून जवळपास सगळे थर्ड पार्टी कंट्रोलर स्वतःची ओळख ‘मी एक्सबॉक्सचा कंट्रोलर आहे’ अशीच करून देतात. त्यामुळे केबल लावताच खेळता येतं, पण जादा बटणांची ओळख तिथेच हरवते.

यावर कंपन्यांनी काढलेला सोपा उपाय म्हणजे नक्कल. मागचं बटण दाबलं की कंट्रोलरमधली चिप संगणकाला ‘ए दाबलं’ असा निरोप पाठवते. कोणत्या बटणाची नक्कल करायची, हे तुम्ही ठरवायचं. खोक्यावरच्या ‘प्रोग्रामेबल’ या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो. अंगठा मोकळा ठेवायला ही सोय पुरेशी आहे आणि ती कुठल्याही गेममध्ये, कुठलंही सॉफ्टवेअर न टाकता चालते. पण गेममधल्या १५ व्या कामासाठी वेगळं १५ वं बटण हवं असेल, तर नक्कल उपयोगी पडत नाही.

मोड बदलल्याने काय होतं?

अनेक कंट्रोलरवर मोड बदलण्याची सोय असते. प्रत्येक मोडमध्ये तो स्वतःची वेगळी ओळख सांगतो.

- एक्सइनपुट: सर्वांत सुटसुटीत. जादा बटणं मात्र फक्त नक्कल करतात.
- डीइनपुट (डायरेक्टइनपुट): मायक्रोसॉफ्टची त्याआधीची, १९९० च्या दशकातली पद्धत. हिच्यात १२८ पर्यंत बटणांची जागा आहे, त्यामुळे विमानाच्या जॉयस्टिक आणि गाडीची स्टीअरिंग व्हील अजूनही हीच वापरतात. जादा बटणं वेगळी दिसू शकतात, पण कंट्रोलर बनवणाऱ्याने ती तशी पाठवली तरच. शिवाय बरेच नवे गेम या मोडमधल्या कंट्रोलरकडे लक्षच देत नाहीत.
- स्विच: निन्टेंडो स्विचचा कंट्रोलर असल्याची बतावणी. यात कंट्रोलर हलवून नेम धरण्याची सोय, म्हणजे जायरो, मिळू शकते. पण निन्टेंडोच्या मूळ कंट्रोलरवर मागची बटणं नव्हती, त्यामुळे इथेही नक्कलच.

आपला कंट्रोलर काय पाठवतो हे बघण्यासाठी विंडोजमध्येच सोय आहे. स्टार्टच्या शोधपट्टीत ‘गेम कंट्रोलर’ असं इंग्रजीत टाइप केलं की जोडलेल्या कंट्रोलरची यादी मिळते. त्यातल्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये प्रत्येक बटणासाठी एक दिवा दिसतो. एक्सइनपुटमध्ये तिथे १० दिवे असतात, कारण दिशेची ४ बटणं वेगळी दाखवली जातात. मागचं बटण दाबल्यावर या दहांपैकीच एखादा दिवा लागला, तर ती नक्कल. डीइनपुट मोडमध्ये एखादा नवा दिवा लागला, तर बटण खरोखर स्वतंत्र आहे.

स्टीम इनपुटचा मार्ग

व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘स्टीम’ या गेम दुकानात ‘स्टीम इनपुट’ नावाची सोय आहे. ती कंट्रोलर आणि गेम यांच्यामध्ये दुभाष्याचं काम करते. कंट्रोलरची जादा बटणं ती स्वतः वाचते आणि गेमला हवा तो निरोप देते: एखादं बटण, कीबोर्डवरची कळ किंवा माउसची क्लिक. व्हॉल्व्हने २०१५ मध्ये आणलेल्या स्वतःच्या स्टीम कंट्रोलरवर मागे २ बटणं होती, तर २०२२ च्या स्टीम डेकवर ४ आहेत.

पण दुभाष्यालाही समोरच्याची भाषा यावी लागते. एक्सबॉक्स एलिटची पॅडल्स वाचण्यासाठी स्टीम एक वेगळा ड्रायव्हर देतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये जपानच्या होरी कंपनीने व्हॉल्व्हच्या परवान्याने ‘होरीपॅड फॉर स्टीम’ आणला, त्याची जादा बटणं स्टीम थेट ओळखतं. एटबिटडूच्या ‘अल्टिमेट २ वायरलेस’ची जादा बटणं स्टीममध्ये वेगळी दिसावीत म्हणून फर्मवेअर अद्ययावत करून तो डीइनपुट मोडमध्ये वापरावा लागतो. बाकीच्या कित्येक स्वस्त कंट्रोलरना स्टीम फक्त ‘एक्सबॉक्स कंट्रोलर’ समजतं, आणि मग मागची बटणं तिथेही नकलेपुरतीच उरतात.

दुसऱ्या दुकानातून घेतलेला गेम स्टीमच्या यादीत हाताने जोडला, तर त्यालाही बहुतेक वेळा हा दुभाषी मिळतो. एक खबरदारी घ्यावी. मागच्या बटणाला कीबोर्डची कळ दिली, तर काही गेम गोंधळतात. स्क्रीनवरच्या सूचना क्षणात कंट्रोलरच्या, क्षणात कीबोर्डच्या दिसतात, आणि काही गेम तर दोन्ही एकत्र स्वीकारतच नाहीत.

पॅडल्स आणि पेटंट

मागच्या बटणांवर न्यायालयात लढाईही झाली आहे. स्कफ या कंपनीने व्यावसायिक खेळाडूंसाठी पॅडल्सवाले कंट्रोलर लोकप्रिय केले. त्याची पेटंट आयर्नबर्ग इन्व्हेन्शन्स या संलग्न कंपनीकडे होती. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये ४ पॅडल्सचा एक्सबॉक्स एलिट आणला तो या पेटंटचा परवाना घेऊन. व्हॉल्व्हने स्टीम कंट्रोलरसाठी परवाना घेतला नव्हता. आयर्नबर्गने दावा लावला आणि २०२१ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ज्युरीने व्हॉल्व्हविरुद्ध ४० लाख डॉलरहून अधिक भरपाईचा निर्णय दिला.

टर्बो आणि मॅक्रो: इथे जपून

नक्कल करणं आणि आपोआप खेळणं यांत मोठा फरक आहे. एकदा दाबलं की एकच काम, ही नक्कल. बटण दाबून धरल्यावर सेकंदाला दहा-वीस वेळा दाबल्यासारखं भासवणं म्हणजे टर्बो. एका दाबात ठरलेली पाच-सहा बटणं ठरलेल्या अंतराने पाठवणं म्हणजे मॅक्रो. बऱ्याच थर्ड पार्टी कंट्रोलरमध्ये या दोन्ही सोयी असतात.

एकट्याने खेळायच्या गेममध्ये त्याने कोणाचं काही बिघडत नाही. ऑनलाइन स्पर्धेत मात्र गेम कंपन्या हे फसवणूक मानू शकतात. ‘कॉल ऑफ ड्यूटी’च्या रिकोशे या यंत्रणेने २०२३ मध्ये क्रोनस झेनसारख्या उपकरणांविरुद्ध कारवाई जाहीर केली. ‘काउंटर स्ट्राइक २’ मध्ये ऑगस्ट २०२४ पासून एका दाबात अनेक हालचाली करणारं ऑटोमेशन अधिकृत सर्व्हरवर चालत नाही, ते सापडलं की खेळाडूला सामन्यातून बाहेर काढलं जातं. साध्या नकलेवर सहसा कोणी आक्षेप घेत नाही. तरीही स्पर्धेत उतरण्याआधी नियम वाचावेत आणि टर्बो बंद असल्याची खात्री करावी. काही कंट्रोलरवर तो चुकून चालू होतो, आणि वर्षानुवर्षं जपलेलं खातं एका बटणापायी धोक्यात येऊ शकतं.

मुंबईत घेताना काय तपासाल?

कांदिवलीहून ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग गाठला, तर कंट्रोलर हातात घेऊन बघता येतो. ऑनलाइन घेतला तर निवड जास्त मिळते, पण हात बसतो का हे कळत नाही. मागची बटणं आपल्या बोटांखाली सहज येतात की कंट्रोलर नुसता धरला तरी चुकून दाबली जातात, हे हातात घेतल्याशिवाय समजणं कठीण. दोन्हीकडे हे प्रश्न विचारावेत:

- जादा बटणं स्वतंत्र आहेत की फक्त नक्कल करतात? स्टीम इनपुटमध्ये ती वेगळी दिसतात का?
- बटणांची नेमणूक कंट्रोलरमध्येच साठते की संगणकावर सॉफ्टवेअर चालू ठेवावं लागतं?
- फर्मवेअर अद्ययावत करता येतं का? ते सॉफ्टवेअर कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर आहे का?
- स्टिक हॉल इफेक्ट किंवा टीएमआर प्रकारच्या आहेत का? त्या चुंबकावर चालतात, घासत नाहीत, त्यामुळे हात न लावता कॅमेरा सरकण्याचा त्रास, म्हणजे ड्रिफ्ट, त्यांत कमी होतो.
- खोक्यावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि एमआरपी आहे का? नसेल तर वॉरंटीची आशा धरू नये.

‘स्वतंत्र बटणं’ असं लिहून नक्कल करणारा माल हाती आला, तर उत्पादनाच्या पानाचा स्क्रीनशॉट आणि बिल जपून ठेवावं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक राहतो त्या भागातल्या जिल्हा आयोगाकडेही जाता येतं. विक्रेता दुसऱ्या राज्यात आहे म्हणून तिथवर खेटे घालावे लागत नाहीत.

दाटीवाटी आणि दमट हवा

वायरलेस कंट्रोलर आणि जुन्या पद्धतीचं वायफाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. भिंतीला भिंत लागलेल्या घरांमध्ये शेजारपाजारचे दहा-बारा राउटर याच पट्ट्यात बोलत असतात. त्यात भर म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टमधूनही याच पट्ट्यात गोंगाट होतो. बटण दाबल्यावर उशीर होत असेल, तर कंट्रोलरचा डोंगल छोट्या एक्स्टेन्शन केबलने संगणकापासून दूर आणावा आणि घरचं वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्यावं. तरीही अडलं तर केबल लावून खेळावं, त्यात हा प्रश्नच उरत नाही.

पकडीवरचा मऊ रबरी मुलामा उष्ण, दमट हवेत काही वर्षांनी चिकट होऊ शकतो. मुंबईत खरखरीत प्लास्टिकची पकड जास्त टिकते.

मग घ्यावा की नाही?

अंगठा स्टिकवर ठेवून उडी मारायची किंवा धावायचं, एवढीच गरज असेल तर नक्कल करणारी दोन बटणं पुरतात, आणि ती स्वस्त कंट्रोलरमध्येही मिळतात. मोठ्या रोलप्लेइंग गेममध्ये किंवा विमानांच्या गेममध्ये वेगळ्या कामांना वेगळी बटणं हवी असतील, तर स्टीम इनपुट ज्याची जादा बटणं ओळखतं असाच कंट्रोलर बघावा, आणि खरेदीआधी त्याच मॉडेलचं नाव घेऊन खात्री करावी. मागच्या बटणांची सवय व्हायलाही वेळ लागतो. सुरुवातीला एकाच बटणाला एकच काम द्यावं, बोटांना ते सरावलं की दुसरं जोडावं. चारही बटणं पहिल्याच दिवशी नेमली, तर ऐन लढाईत बोट भलत्याच बटणावर पडतं.