ताटापर्यंत न येणारे जंतू

डुकरांना औषधं देतात तर देऊ द्या, मांस नीट शिजवलं की सगळे जंतू मरतात, मग आपलं काय जातं? गोव्यात मोरजीपासून डिचोलीपर्यंत शिकलीसवरलेली माणसंही हे ठामपणे सांगतात. यातला अर्धा भाग खराच आहे. 70 अंशांवर नीट शिजलेल्या मांसात साल्मोनेला किंवा ई. कोलाय तग धरत नाही, आणि व्हिनेगर घालून पुन्हा पुन्हा उकळलेल्या सोरपोतेल या डुकराच्या मांसाच्या पदार्थाबद्दल तर शंकाच नको. जंतू घरात येतो तो ताटातूनच, हे गृहीतक मात्र साफ चुकीचं आहे.

2004 साली नेदरलँड्समध्ये सहा महिन्यांच्या एका मुलीला शस्त्रक्रियेआधी तपासलं, तर तिच्या अंगावर मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस निघाला. ते तान्हं बाळ काही पोर्क खात नव्हतं. घरी डुकरं पाळलेली होती, एवढंच. पुढे तिथली रुग्णालयं डुक्करपालकाला दाखल करताना आधी वेगळं ठेवून तपासू लागली.

डुकरांत असा जंतू येतो कुठून? व्यावसायिक फार्मवर डुकरांच्या पिल्लांचं दूध चारेक आठवड्यांत तोडतात. आईच्या दुधाचं संरक्षण जातं, खाद्य बदलतं, वेगवेगळ्या माद्यांची पिल्लं एकत्र कोंडली जातात आणि हगवण लागते. ती लागण्याआधीच सरसकट सगळ्यांना खाद्यातून औषध द्यायचं, हा सोपा मार्ग; त्यात तगतात ते औषधाला न जुमानणारे जंतू. टेट्रासायक्लिनसारख्या औषधाचा बराच भाग जसाच्या तसा मलमूत्रातून बाहेर पडतो. सकाळी पाइपाने फरशी धुतली की सगळं सांडपाण्याच्या खड्ड्यात. किनाऱ्यालगतच्या रेताड जमिनीत, पावसाळ्यात पाणी वर आलेलं असताना, असा खड्डा विहिरीजवळ असेल तर? शिवाय फरशी धुणारा माणूस त्याच हातांनी घरी जातो.

जंतू मेला म्हणून गोष्ट संपत नाही, कारण जिवंत असताना त्याने प्रतिकाराचं जनुक दुसऱ्याला दिलेलं असतं. कोलिस्टिन हे अत्यवस्थ रुग्णासाठी राखलेलं औषध. त्याला निष्प्रभ करणारं, जंतूकडून जंतूकडे जाणारं जनुक 2015 साली चीनमध्ये डुकरांत आणि रुग्णांतही सापडल्याचं जाहीर झालं. जुलै 2019 मध्ये भारताने खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. नुसतं शिजवून भागत असतं, तर या बंदीची गरजच काय होती?

औषध थांबवलं तर धंदा बुडेल, ही भीतीही टिकत नाही. डेन्मार्कने डुकरांच्या वाढीसाठी दिली जाणारी प्रतिजैविकं 1999 पर्यंत बंद केली, तरी त्यानंतरही तिथलं डुकरांचं उत्पादन वाढत राहिलं. आजारी जनावराला पशुवैद्याने औषध जरूर द्यावं. पण पेडण्यात कुठल्या फार्मची तपासणी करायची झाली, तर मांसाच्या तुकड्याबरोबर खड्ड्यातलं पाणी आणि कामगाराच्या नाकातला स्वॅबही घेतला पाहिजे.