भिंतीतलं फडताळ

पुण्यात कसबा, शनिवार, नारायण या पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या भिंती चांगल्या जाड. त्या भिंतीतच कोनाडे आणि लाकडी दारांची फडताळं केलेली असायची. आपल्या गावाकडच्या जुन्या घरांतही ती आहेत. स्वयंपाक चुलीपुढे बसून व्हायचा, म्हणून तिखटमीठ बसल्या हाताला लागेल असं ठेवलेलं असे. दूध-तूप शिंक्यावर, नाहीतर जाळीच्या कपाटात.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, कितीतरी वाडे पडले. पुढे शहरात सिमेंटची घरं वाढली. त्यांच्या पातळ भिंतींत फडताळाला जागा कुठून असणार? गॅस आला, ओटा आला, आपण उभ्यानं रांधू लागलो. कपाट ओट्याच्या वर टांगलं गेलं. खाली वाकणं कमी झालं, पण वरचा डबा काढायला स्टूल लागू लागलं.

आता आपणही जुनी कपाटं बदलतो आहोत. तेव्हा सुतार येईल त्या दिवशी आपण स्वतः ओट्याशी उभ्या राहूया. रोजचे डबे कमरेपासून खांद्यापर्यंतच्या फळ्यांवर, जड पिंपं खाली. जुनं सागवान ठणठणीत असेल तर त्याच्या फळ्या नव्या कपाटाला वापरूया. वाळवी लागलेलं लाकूड मात्र घरात नको. आणि सुताराला माप सांगायचं ते तिथे रोज रांधणारीनं.