चितगावचा मुक्काम

शुक्रवार, २९ मे १९८१, सकाळ
बांगलादेशाचे राष्ट्रपती झियाउर रहमान विमानाने चितगावला उतरले. वय ४५. काम पक्षाचं होतं: बीएनपीच्या स्थानिक गटांतली भांडणं मिटवायची. मार्च १९७१ मध्ये याच शहरात मेजर झियांनी पाकिस्तानी सैन्याविरुद्ध बंड केलं आणि कालुरघाटच्या रेडिओ केंद्रावरून स्वातंत्र्याची घोषणा वाचली. पुढे ‘वीर उत्तम’ किताब मिळाला. इथल्या डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल मंझूर हेही वीर उत्तम, मुक्तियुद्धातले जुने सोबती. त्यांच्या हाती नुकताच बदलीचा हुकूम पडला होता.

दुपार
जुम्याची नमाज. मग भेटीगाठी.

रात्र
सर्किट हाऊसमध्ये पक्षाच्या लोकांची समजूत काढणं उशिरापर्यंत चाललं. झियांनी गणवेश उतरवला, पक्ष काढला, १९७९ च्या निवडणुकीत ३०० पैकी २०७ जागा जिंकल्या. पण त्यांची सत्ता उभी होती ती छावणीच्याच जोरावर. ७ नोव्हेंबर १९७५ ला नजरकैदेतून त्यांना सोडवलं ते बंडखोर शिपायांनी. त्या बंडामागचे कर्नल ताहेर यांनी मुक्तियुद्धात पाय गमावला होता. झियांच्या राजवटीत त्यांच्यावर तुरुंगातच गुप्त खटला चालला आणि २१ जुलै १९७६ ला त्यांना फाशी झाली. ज्याने सोडवलं त्याच्याशी असं वागणं मला अक्षम्य वाटतं. राजकारणाची गरज म्हणून त्यावर पांघरूण घालता येत नाही. मुक्तियोद्ध्यांचा आणखी एक सल होता: १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांत पाकिस्तानची बाजू मांडणारे शाह अझीझुर रहमान आता झियांचे पंतप्रधान होते.

मध्यरात्र
बाहेर धो धो पाऊस. तारीख पालटली: ३० मे. चार वर्षांपूर्वी याच तारखेला झियांनी सार्वमत घेतलं होतं. सरकारी आकड्यांनुसार जवळपास ९९ टक्के लोक त्यांच्या बाजूचे! हा आकडा खरा मानला, तरी छावणीतल्या असंतोषाचा त्यात पत्ता नव्हता.

पहाटे ४ च्या सुमारास
सर्किट हाऊसवर रॉकेटं आदळली. हल्लेखोर सगळे लष्करी अधिकारी, शिपाई एकही नाही; त्यांतले बहुतेक मुक्तियुद्धात लढलेले. पहारा पाहता पाहता कोलमडला. गोळीबार ऐकून झिया खोलीबाहेर आले आणि तिथेच स्टेनगनच्या फैरीत कोसळले. सोबतचे सुरक्षा अधिकारीही मारले गेले.

सकाळ
मारेकऱ्यांनी मृतदेह रांगुनियाच्या डोंगराळ भागात नेऊन पुरला. चितगाव रेडिओ मंझूर यांच्या ताब्यात होता, पण इतर छावण्या हलल्या नाहीत. ढाक्यात उपराष्ट्रपती सत्तार रुग्णालयातून उठून कारभार हाती घ्यायला आले; लष्करप्रमुख इर्शाद त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

१ जून
मंझूर पकडले गेले. चितगावच्या छावणीत आणताच त्यांना गोळी घालण्यात आली. सप्टेंबरमध्ये कोर्ट मार्शलनंतर बारा अधिकारी फासावर गेले. तो खटलाही बंद दाराआडच चालला. २४ मार्च १९८२ ला इर्शाद यांनी सत्तार यांना हटवून देश पुन्हा लष्कराच्या हाती घेतला.