वार्धक्य, व्यायाम आणि चंक्रमण

जुन्या वैद्यकीय बाडांत दिनचर्येचीं पानें निघालीं, कीं एक श्लोकार्ध त्यांत बहुधा असावयाचाच. तो वाग्भटाच्या अष्टांगहृदयांतील, सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायांतला. वातपित्ताचा रोगी, बालक, वृद्ध आणि ज्यास अजीर्ण झालें आहे असा मनुष्य, इतक्यांनीं व्यायाम टाकावा, असा त्याचा अर्थ आहे. श्लोकार्ध आटोपशीर, पाठ होण्यास सोपा. म्हणूनच तो मागच्यापुढच्या संदर्भावांचून फिरत राहिला, आणि साठी उलटलेल्या मनुष्यास 'आतां स्वस्थ बसून राहावें' असें सांगणारांच्या हातीं शास्त्राचें एक वचन आलें. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध संग्राहकांनीं ह्याच वचनावर भिस्त ठेवून वाड्याचा जिना उतरणें सोडलें. पुढें तीन वर्षांत माजघरांतून ओसरीवर येण्यासही त्यांस दोन माणसांचा आधार लागूं लागला. पोथ्यांचा गठ्ठा त्यांच्या उशापाशीं होता. तो सोडण्याइतकें उठून बसणें मात्र होईना.

तेव्हां हा प्रश्न केवळ पाठभेदाचा नव्हे. वृद्धांच्या हालचालीविषयीं आपले जुने ग्रंथ खरोखर काय सांगतात हें मूळावरून तपासणें अगत्याचें आहे. प्रस्तुत लेखांत तेवढाच यत्न केला आहे.

प्रथम सुश्रुत पाहूं. चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायांत व्यायामाचे गुण सांगतांना सुश्रुतसंहिता म्हणते कीं, व्यायाम करणारावर जरा एकाएकीं झडप घालीत नाहीं. त्याच ओघांत कोणीं व्यायाम वर्ज्य करावा ह्याची यादी आहे. तींत रक्तपित्ती, कृश, क्षयी, दमेकरी, खोकल्यानें व क्षतानें पीडलेला, नुकताच जेवलेला इत्यादि मंडळी आहेत, वृद्ध नाहीं. उलट वय, बल, शरीर, देश, काल आणि आहार हीं पाहून व्यायाम करावा, असा तेथें स्पष्ट निर्देश आहे. म्हणजे वाग्भट ज्यास सरसकट दाराबाहेर ठेवितो, त्यास सुश्रुत दारांत थांबवून त्याची प्रकृति विचारतो. दोन मान्य ग्रंथ, आणि दोहोंत असा विसंवाद!

परंतु हा विसंवाद शब्दाचा आहे, वस्तूचा नव्हे, असें आमचें मत झालें आहे. सुश्रुतानें व्यायामाची व्याख्या केली आहे ती अशी कीं, शरीरास आयास उत्पन्न करणारें कर्म तो व्यायाम. नुसती हालचाल म्हणजे व्यायाम नव्हे. धाप लागते, घाम फुटतो, तें कर्म व्यायाम. त्याची मर्यादाही ठरलेली आहे: अर्ध्या शक्तीपर्यंत. हृदयांत राहणारा वायु मुखावाटें येऊं लागला, म्हणजे अर्धी शक्ति खर्चिली गेली असें ओळखावें, ही खूण सुश्रुतानेंच दिली आहे. आतां वाग्भटाकडे परत जावें. वृद्धास वगळल्यानंतर लगेच तो म्हणतो कीं, अर्धशक्तीचा व्यायाम बलवंतांनीं व स्निग्ध आहार घेणारांनीं थंडींत व वसंतांत करावा, इतर काळीं त्याहून मंद करावा. म्हणजे त्याच्या डोळ्यांपुढें आखाड्यांतला गडी आहे. अशा गड्याचें माप वृद्धास लावूं नये, इतकेंच त्याचें सांगणें. अतिव्यायाम, जागरण, वाटचाल, हास्य, भाषण इत्यादींचा अतिरेक करणारा, हत्तीस ओढूं पाहणाऱ्या सिंहाप्रमाणें नाश पावतो, हेंही तेथेंच आहे. (ह्या यादींतील भाषणाकडे आमच्यासारख्या व्याख्यानप्रिय मंडळींनीं विशेष लक्ष द्यावें.)

मग वृद्धानें करावें काय? ह्याचें उत्तर सुश्रुताच्या त्याच अध्यायांत, थोडें पुढें आहे, आणि तेथपर्यंत पान उलटण्याचे श्रम फारसे कोणी घेत नाहींत. तेथें अध्वा म्हणजे दूरची वाटचाल आणि चंक्रमण म्हणजे सावकाश फेऱ्या घालणें ह्या दोन वेगळ्या गोष्टी धरल्या आहेत. वाटचालीचे दोष सांगून झाल्यावर सुश्रुत म्हणतो कीं, जें चंक्रमण देहास फार पीडा करीत नाहीं, तें आयुष्य, बल, मेधा व अग्नि देतें आणि इंद्रियांस जागें करितें. 'इंद्रियबोधन' हा त्याचा शब्द आहे. व्यायामाच्या फलांत लाघव, कर्मसामर्थ्य, गात्रांचा घट्टपणा हीं येतात. इंद्रियांची जागृति येते ती चंक्रमणाच्या फलांत. ज्या चालण्यांत चालणाराचें लक्ष चालण्यावर असतें, त्या चालण्याचें हें वर्णन आहे असें आम्ही समजतों.

ही आमची कल्पना निराधार नाहीं. बौद्ध वाङ्मयांत तिला बळकट पुरावा मिळतो. विनयपिटकाच्या चुल्लवग्गांत अशी हकीकत आहे कीं, वैशालीस भिक्षूंना उत्तमोत्तम पक्वान्नें मिळूं लागलीं व त्यांचीं शरीरें जड होऊन ते वारंवार आजारी पडूं लागले. तेव्हां जीवक वैद्यानें भगवान् बुद्धास विनंति केली कीं, भिक्षूंस चंकम व जंताघर, म्हणजे फेऱ्या घालण्याची वाट व उष्णस्नानाचें घर, यांची अनुज्ञा द्यावी. ती देण्यांत आली. अंगुत्तरनिकायांत चंकमाचे पांच लाभ मोजले आहेत: प्रवासास शरीर तयार होतें, प्रयत्नास तयार होतें, रोग थोडे होतात, खाल्लेलें पचतें, आणि चंकम करतांना साधलेली समाधि पुष्कळ काळ टिकते. शेवटला लाभ महत्त्वाचा. पहिले चार वैद्याच्या कामाचे, पांचवा भिक्षूच्या. आणि दोन्ही एकाच वाटेवर, त्याच पावलांनीं मिळतात. बोधगयेस महाबोधि मंदिराच्या उत्तर बाजूस जो दगडी कमळांचा उंच चौथरा आहे, तो बुद्धाच्या ह्याच चंक्रमणाची स्मृति म्हणून दाखवितात. त्या चौथऱ्याची लांबी चालून पाहावी. तेथें धांवण्याची सोयच नाहीं.

योगग्रंथांकडे वळलें तर तेथें वृद्धास दार सताड उघडें आहे. तेराव्या शतकांतील दत्तात्रेययोगशास्त्र व पंधराव्या शतकांतील स्वात्मारामाची हठप्रदीपिका, दोन्ही ग्रंथ तरुण, वृद्ध व रोगी ह्या सर्वांस अभ्यासानें सिद्धि मिळते असें आश्वासन देतात; हठप्रदीपिका त्यांत अतिवृद्ध व दुर्बळ यांसही घेते. 'अतिवृद्ध' हा शब्द मुद्दाम घातलेला आहे. पण हें वाचून कोणी हुरळून जाऊं नये. त्याच हठप्रदीपिकेंत अभ्यासूनें टाळावयाच्या गोष्टींत कायक्लेश आहे, आणि एकोणिसाव्या शतकांतील ब्रह्मानंदानें आपल्या ज्योत्स्ना टीकेंत ह्या कायक्लेशाचें उदाहरण कोणतें द्यावें? पुष्कळ सूर्यनमस्कार घालणें, आणि त्याच्या जोडीस मोठीं ओझीं वाहणें! सूर्यनमस्कारास योगाचें अनादि अंग मानणारांनीं ही ओळ डोळ्यांआड करूं नये. ब्रह्मानंदाच्या काळीं नमस्कार लोकांत होते, पुष्कळ घातले जात होते, आणि योगाच्या जाणत्यास ते योगाबाहेरचे वाटत होते, इतकें तीवरून निश्चित होतें.

ह्या संदर्भांत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहांतील एका पोथीचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. ती कपालकुरंटकाची हठाभ्यासपद्धति. ग्रंथ अठराव्या शतकांतील मानण्यांत येतो. तींत ११२ आसनें आहेत व तीं सहा गटांत वांटलीं आहेत: उताणीं, पालथीं, बैठीं, उभीं, दोरीवरचीं व सूर्यचंद्रभेदनाचीं. प्रसिद्ध हठग्रंथांत आसनांची संख्या मोजकी असतां येथें हा पसारा कोठून आला, हा प्रश्न प्रत्येक वाचणारास पडतो. जेसन बर्च व मार्क सिंगलटन यांनीं २०१९ सालीं ह्या ग्रंथावर विस्तृत निबंध प्रसिद्ध केला, व म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडेयरांच्या श्रीतत्त्वनिधींतील १२२ आसनचित्रांपैकीं पुष्कळशीं ह्याच परंपरेंतून गेलीं असल्याचें दाखविलें.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें पोथींतील दोन गोष्टी ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, येथील आसन स्थिर बसण्याचें नाहीं, हलतें आहे. गजासन म्हणून जें सांगितलें आहे त्यांत पालथें होऊन, हात सरळ ठेवून, कंबर उचलावयाची, दृष्टि नाभीकडे ठेवावयाची, नाक जमिनीलगत हातांपर्यंत न्यावयाचें, आणि हें पुनःपुनः करावयाचें. आमच्या आखाड्यांतील जोर ज्यांनीं पाहिला आहे त्यांस ह्या वर्णनाची ओळख पटावी. पण जोर काढणाऱ्या गड्याचें लक्ष संख्येकडे असतें. येथें दृष्टि कोठें ठेवावी हेंही सांगावें लागलें. दुसरी गोष्ट ही कीं, आसनांचा हेतु शरीराची दृढता हा स्पष्ट सांगितला आहे, आणि ती दृढता आल्यावर मगच षट्कर्मांकडे वळावें असा क्रम आहे. दोरीवर चढण्याचीं आसनें सत्तरीच्या मनुष्यानें पोथी उघडून करूं नयेत, हें सांगणें नलगे. परंतु गति, आवृत्ति व दृष्टि हीं तिन्ही एकत्र बांधण्याची युक्ति अठराव्या शतकांतच कोणा अभ्यासकास साधली होती, हें ह्या पोथीनें सिद्ध होतें.

आतां औंध. सातारा जिल्ह्यांतील ह्या लहान संस्थानचे अधिपति भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि (१८६८-१९५१) यांचें नांव पोथीसंग्राहकांस वेगळ्या कारणानें पूज्य आहे. १९१८ सालीं भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस एक लक्ष रुपये देऊं करणारे ते हेच. तरुणपणीं त्यांनीं सँडोचीं उपकरणें मागवून सुमारें दहा वर्षें त्यांचा व्यायाम केला. पुढें मिरजेचे गंगाधरराव ऊर्फ बाळासाहेब पटवर्धन यांच्या उदाहरणावरून, चाळिशीच्या उंबरठ्यावर, ते नमस्कारांकडे वळले व अखेरपर्यंत त्यांचेच झाले. संस्थानच्या शाळांतून त्यांनीं नमस्कार सुरू केले, पुस्तकें लिहिलीं, चित्रपट काढविला. १९३६ सालीं, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं, ते इंग्लंडांत गेले असतां तेथील लुइझ मॉर्गन ह्या वृत्तपत्रलेखिकेस त्यांच्या शरीराचा ताठपणा पाहून नवल वाटलें, आणि १९३८ सालीं तिनें संपादिलेलें त्यांचें इंग्रजी पुस्तक लंडनांत निघालें.

औंधच्या पद्धतींत विशेष तो काय? जुना तृचाकल्प नमस्कार हा उपासनेचा विधि होता. ऋग्वेदांतील तीन ऋचा, बीजमंत्र व सूर्याचीं नांवें यांसह तो होत असे. पंतप्रतिनिधींनीं त्यांतील दंडवत घेऊन तें दहा अवस्थांत बसविलें, प्रत्येक अवस्थेस श्वासाचा नियम लावला, आणि बीजमंत्र मात्र सोडले नाहींत. मंत्र उच्चारावयाचा म्हणजे श्वास राखावा लागतो; श्वास राखावयाचा म्हणजे घाई चालत नाहीं. सुश्रुताची मुखांत येणाऱ्या वायूची खूण येथें आपोआप सांभाळली जाते, कारण ज्याची धाप मुखावाटें चालली आहे त्याच्यानें मंत्र स्वच्छ म्हणवत नाहीं. ही जोड पंतप्रतिनिधींनीं सुश्रुत वाचून बसविली असें आम्ही म्हणत नाहीं. दोन वेगळ्या वाटांनीं एकाच जागीं पोहोंचणें इतिहासांत नवें नाहीं.

त्यांच्या उत्साहास मात्र एक दोष लागला, आणि तो सांगितलाच पाहिजे. प्रौढांस त्यांनीं संख्या सांगितली ती शेंकड्यांच्या घरांतली. ब्रह्मानंदाचा 'बहु' हा आक्षेप तेथें नेमका लागू पडतो. राजाचें शरीर तीस वर्षें त्यांत मुरलेलें होतें. त्याची संख्या पाहून एखाद्या पासष्टीच्या कारकुनानें पहिल्याच दिवशीं पन्नास नमस्कार घातले, तर दोष ग्रंथाचा नव्हे, पण गुडघा जावयाचा तो जातोच. पंतप्रतिनिधि ब्याऐंशी वर्षें जगले, औंधास तीस वर्षें काढलेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर (१८६७-१९६८) यांनीं तर शंभरी ओलांडली, आणि आसनें व नमस्कार यांवर त्यांनींही लिहिलें. तथापि दोन दीर्घायुषी पुरुषांवरून नियम बांधणें हें इतिहासाचें काम नव्हे. नमस्कारांची परंपरा समर्थांपर्यंत व शिवकालापर्यंत नेण्याचा जो प्रघात आहे, त्यासही समकालीन अस्सल कागदाचा आधार कोणीं पुढें करीपर्यंत आम्ही दंतकथाच म्हणूं. व्यायाम चांगला ठरण्यास तो जुना असावा लागतो असें नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं पासष्टीच्या पुढील लोकांस आठवड्यांतून निदान तीन दिवस तोल व बल राखणाऱ्या विविध हालचाली कराव्या, असें सुचविलें. पडणें टळावें हा त्यांतील एक मुख्य हेतु. तोल हा शब्द आमच्या जुन्या ग्रंथांत त्या अर्थीं येत नाहीं. परंतु चरकानें व्यायामाची व्याख्या करतांना स्थैर्य व बल ह्या दोहोंसाठीं असलेली, मनास इष्ट अशी शरीरचेष्टा ती व्यायाम, आणि ती मात्रेनें करावी, असें म्हटलें आहे. बलाच्या आधीं स्थैर्य आलें आहे.

वर ज्या संग्राहकांचा उल्लेख केला, त्यांनीं चंक्रमणाचें वचन ऐकल्यावर ओसरीवर भिंतीस हात लावून रोज फेऱ्या घालण्यास आरंभ केला. पहिल्या महिन्यांत सात, नंतर वीस. गेल्या मार्गशीर्षांत ते काठी टेकीत जिना उतरून खालच्या कोठीपर्यंत आले, व तेथील पेटींतून एक वैद्यकाचें बाड त्यांनीं स्वतः काढून आम्हांस दाखविलें. त्यांत दिनचर्येच्या पानावर वाग्भटाचा तो श्लोकार्ध आहे, आणि समासांत दुसऱ्या हातानें, बारीक मोडींत, 'फेऱ्या घालाव्या' इतकेंच लिहिलें आहे. लिहिणारा कोण, हें बाडावरून कळत नाहीं. अशा समासटीपा असलेलीं दिनचर्येचीं पानें, किंवा हठाभ्यासपद्धतीची दुसरी प्रत, कोणा संग्राहकाजवळ असल्यास त्यांनीं ती पाहावयास द्यावी. उतरून घेऊन मूळ प्रत सुरक्षित परत करूं.