गाठ दीड मिलिमीटरवर का थांबली?

कॅन्सरची गाठ आणि रक्तवाहिन्या यांचं नातं आज आपण पाठ्यपुस्तकात दोन ओळींत वाचतो. पण त्या दोन ओळींमागे चाळीसेक वर्षं आहेत.

1960 च्या सुमारास ज्युडा फोकमन हे तरुण सर्जन अमेरिकन नौदलाच्या बेथेस्डा इथल्या प्रयोगशाळेत रक्ताला पर्याय शोधत होते. त्यांनी आणि फ्रेडरिक बेकर यांनी सशाची थायरॉइड ग्रंथी शरीराबाहेर हिमोग्लोबिनच्या द्रावणावर जिवंत ठेवली आणि तिच्यात उंदराच्या कॅन्सरच्या पेशी सोडल्या. गाठी वाढल्या, पण एक-दोन मिलिमीटरला येऊन थांबल्या. पेशी मेल्या म्हणावं, तर त्याच गाठी उंदरात परत घातल्यावर भराभर वाढल्या! फरक एकच होता. उंदरात गाठीत नव्या रक्तवाहिन्या शिरत होत्या, ग्रंथीत नाही.

1971 मध्ये फोकमन यांनी गृहीतक मांडलं: गाठ स्वतःच काही रसायन सोडून रक्तवाहिन्या आपल्याकडे ओढते, ते अडवलं, तर गाठीची रसद तुटेल. अनेकांना हे पटलं नाही. या वाहिन्या म्हणजे नुसती सूज, असं त्यांचं म्हणणं.

याला उत्तर कसं दिलं, ते नीट बघा. 1972 चा प्रयोग. सशाच्या डोळ्यातल्या पाण्यात गाठीचा तुकडा तरंगत ठेवला, तो एक मिलिमीटरच्या आतच राहिला. तसाच तुकडा बुबुळाच्या पडद्याला चिकटवून ठेवला, तर त्यात वाहिन्या शिरल्या आणि तो हजारो पटींनी वाढला. गाठ तीच, डोळा तसाच, बदलली फक्त वाहिन्यांपर्यंतची पोच. कंट्रोल म्हणतात तो हा.

पुढे 1989 मध्ये नेपोलिऑन फेरारा यांच्या गटाने व्हीईजीएफ हे प्रथिन वेगळं केलं. 1993 मध्ये त्याला अडवणाऱ्या अँटीबॉडीने उंदरांतल्या गाठींची वाढ रोखली. 1998 मध्ये तर उंदरांवरच्या अशाच काही निकालांची बातमी पहिल्या पानावर झळकली आणि रुग्णांना वाटलं, औषध आलंच.

औषध आलं 2004 मध्ये: बेव्हॅसिझुमॅब. पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये नुसत्या केमोथेरपीवर मध्यक आयुर्मान 15.6 महिने होतं, हे औषध जोडल्यावर 20.3. म्हणजे पावणेपाच महिने. ज्या घरात रुग्ण आहे तिथे हे महिने मोठेच, पण 'कॅन्सर उपाशी मरेल' हे स्वप्न एवढ्यावर पुरं होत नाही. एक वाट बंद केली की गाठ दुसरे संदेश वापरून वाहिन्या मिळवते. स्तनाच्या कॅन्सरसाठी दिलेली या औषधाची मान्यता अमेरिकेत 2011 मध्ये काढूनही घेतली गेली.

मग फोकमन चुकले का? नाही. गाठीला वाहिन्या लागतात, हे खरं ठरलं. ती एकाच रसायनावर अवलंबून असते, हे मात्र त्यातून आपोआप सिद्ध होत नव्हतं. स्वतःचं गृहीतक लिहाल तेव्हा ही दोन विधानं वेगवेगळ्या ओळींत लिहा, आणि प्रत्येकीसमोर ती खोटी ठरवू शकेल असा एक प्रयोग.