विस्कटलेला मायना: ईमेल हेडरची अर्धशतकी कथा

१/ सर्व्हरचे सॉफ्टवेअर अद्ययावत होते आणि दुसऱ्याच दिवशी मराठी ईमेलच्या विषयाच्या जागी रोमन अक्षरे, बरोबरची चिन्हे व प्रश्नचिन्हे यांची अगम्य माळ उमटते. मजकूर शाबूत, मायना मात्र विस्कटलेला! मित्रहो, या बिघाडाचे मूळ शोधण्यासाठी अर्धशतक मागे जावे लागते.

२/ १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी आर्पानेटवर एका संगणकावरून दुसऱ्यावर संदेश धाडला. परंतु पत्र कोणाचे, कधीचे, कशाविषयी, हे नोंदविण्याची सर्वमान्य रीत नव्हती. माणूस ते समजून घेई. प्रोग्रॅमला ते जमत नसे.

३/ सप्टेंबर १९७३ मध्ये आरएफसी ५६१ हा प्रस्ताव आला. चार लेखकांत टॉमलिन्सन होतेच. पहिले नाव मात्र आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतील अभय भूषण यांचे होते. रीत साधी होती: आरंभी प्रेषक, दिनांक वा विषय असा निर्देश, मग अपूर्णविराम, मग तपशील. आजचे हेडर याच घाटाचे आहे.

४/ १९७७ चा आरएफसी ७३३ आणि १९८२ चा आरएफसी ८२२ यांनी ही रीत पक्की केली. उणीव एकच राहिली. हेडरची लिपी आस्की होती: ७ बिट, १२८ चिन्हे. देवनागरीला तेथे जागा नव्हती. काही सर्व्हर तर आठवा बिट सरळ छाटून टाकीत.

५/ जून १९९२ मध्ये माइमसोबत कीथ मूर यांचा आरएफसी १३४२ आला. जुन्या सर्व्हरना धक्का न लावता इतर लिपी आस्कीच्या वेशात पाठवायची, ही ती तडजोड. वेशांतर केलेला एक तुकडा ७५ चिन्हांहून मोठा नसावा, असा दंडक होता. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणून बेस-६४ पद्धतीने एका तुकड्यात जेमतेम १५ चिन्हे मावतात.

६/ आता निदान पाहा. पूर्ण माळ तशीच दिसली, तर वेश उतरविला गेलेला नाही. मधलेच एखादे अक्षर फुटले, तर तुकडा बहुधा अक्षराच्या मध्यावर तोडला गेला आहे. नुसती प्रश्नचिन्हेच उरली, तर मूळ अक्षरे वाटेतच हरवली आहेत. पाठविलेली आणि पोहोचलेली प्रत मूळ स्वरूपात ताडून पाहावी. प्रवासाच्या नोंदी मात्र खालून वर वाचाव्यात, कारण प्रत्येक सर्व्हर आपला शिक्का सर्वांत वर उमटवितो.

७/ २०१२ च्या मानकांनी हेडरमध्ये थेट यूटीएफ-८ लिहिण्यास मुभा दिली. अट एवढीच, की पुढच्या सर्व्हरनेही ते स्वीकारले पाहिजे. हेडर हा यंत्रायंत्रांतील करार आहे. आपण अद्ययावत करतो ती त्यातील एकच बाजू. दुसरी कदाचित अजून १९८२ मध्येच उभी असते.